नोंद आणि निदान : मूत्रपिंडाच्या बायोप्सी-नोंदवह्यांकडे पाहताना

वाईत ‘नोंद’ या शब्दाला वेगळे वजन आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली मराठी विश्वकोशाचे काम याच गावातून चालले आणि १९७६ मध्ये त्याचा पहिला खंड वाचकांच्या हाती आला. विश्वकोशातल्या लेखाला ‘नोंद’ म्हणतात. त्याच्याही आधीपासून प्राज्ञपाठशाळेच्या परंपरेत धर्मकोशाचे आणि मीमांसाकोशाचे काम होत होते. विखुरलेले वेचायचे, पारखायचे आणि ठरलेल्या शिस्तीने एका जागी लावायचे, म्हणजे पुढे कधीतरी येणाऱ्या अनोळखी माणसाला ते सापडेल, ही या गावाची जुनी सवय. ज्या विषयाची ही प्रस्तावना आहे तो वैद्यकातला असला, तरी त्याच्या मुळाशी हीच सवय आहे.

विषय थोडक्यात असा. मूत्रपिंडाचा आजार नेमका कोणता हे ठरवण्यासाठी सुईने त्याचा एक बारीक तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. ही झाली बायोप्सी. अशा हजारो बायोप्सींचे निष्कर्ष रुग्णाचे वय, गाव, लक्षणे आणि तपासण्यांसह एकाच नमुन्यात नोंदवत गेले, की तयार होते ती बायोप्सी-नोंदवही. आणि कोणता आजार कुठे, कोणाला, किती प्रमाणात आणि कशामुळे होतो हे शोधणारे शास्त्र म्हणजे साथरोगशास्त्र. या नावामुळे वाचकांनी केवळ पटकी-प्लेगाच्या साथी डोळ्यांपुढे आणू नयेत. वर्षानुवर्षे मुकाट्याने वाढणाऱ्या आजारांची मोजदादही याच शास्त्रात होते, आणि मूत्रपिंडाचा आजार मुकाटपणात सगळ्यांत पुढे आहे.

परिभाषेत वृक्क, पुस्तकात मूत्रपिंड आणि घरात ‘किडनी’ म्हटला जाणारा हा अवयव मुठीएवढा. प्रत्येक मूत्रपिंडात सरासरी दहा लाख नेफ्रॉन असतात. प्रत्येक नेफ्रॉनच्या तोंडाशी केशवाहिन्यांच्या गुच्छाची एक गाळणी आणि तिच्यामागे लांब नलिका. दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला दीड-दोन लिटर सोडून बाकी सारा परत घेतात. ही सोय इतकी उदार आहे, की निम्म्याहून अधिक काम थांबेपर्यंत माणसाला काही जाणवतही नाही. जाणवते तेव्हा तक्रारी सगळ्यांच्या सारख्याच असतात : लघवीला फेस येतो, सकाळी डोळ्यांखाली सूज दिसते, पाय जड होतात, रक्तदाब वाढतो, आणि रिपोर्टमध्ये क्रिएटिनिनचा आकडा चढलेला असतो. बाहेरून एकच दिसणाऱ्या या चित्रामागे डझनावारी वेगवेगळे आजार असतात. काही औषधांनी पुरते बरे होतात, काहींना आवर घालता येतो, काहींत कारण दूर करणे हाच उपाय असतो. त्यांतला कोणता, हे बऱ्याचदा तो तुकडाच सांगतो.

हा तुकडा काढण्याची रीत फार जुनी नाही. कोपनहेगनच्या इव्हर्सन आणि ब्रून यांनी १९५१ मध्ये रुग्णाला बसवून, पाठीतून सुई घालून मूत्रपिंडाची ऊती काढण्याचे आपले अनुभव प्रसिद्ध केले. १९५४ मध्ये शिकागोच्या कार्क आणि म्यूर्की यांनी रुग्णाला पालथे झोपवले, वेगळी सुई वापरली, आणि पद्धत अधिक खात्रीची झाली. आज रुग्ण पोटाखाली उशी घेऊन पालथा झोपतो, सोनोग्राफीत मूत्रपिंड समोर दिसत असते, जागा बधिर केलेली असते. डॉक्टर क्षणभर श्वास रोखायला सांगतात आणि स्प्रिंगची सुई खटकन आत जाऊन शेवईएवढा तुकडा घेऊन बाहेर येते. नंतर काही तास पडून राहायचे आणि लघवीचा रंग पाहत राहायचे. रक्तस्रावाचा थोडा धोका असतो, म्हणूनच हे काम रुग्णालयात, रक्तदाब आणि रक्त गोठण्याच्या चाचण्या पाहून करतात. ‘तुकडा काढला की किडनी जाते’ ही भीती आपल्या भागात अजून ऐकू येते. वाचकांनी एवढेच ध्यानात घ्यावे, की दहा लाखांतल्या दहा-वीस गाळण्या त्या तुकड्यात येतात आणि बहुतेक वेळा निदानाला तेवढ्या पुरतात.

तुकड्याचा पुढचा प्रवासही जाणून घेण्यासारखा आहे. त्याचा एक भाग फॉर्मॅलिनमध्ये जातो, वेगवेगळ्या रंगद्रव्यांत बुडतो आणि साध्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला जातो. दुसऱ्या भागावर चमकणारी प्रतिपिंडे सोडून कोणती प्रथिने कुठे साचली आहेत ते पाहतात. हा दुसरा भाग फॉर्मॅलिनमध्ये घालून चालत नाही. त्यासाठी ‘मिशेल’ नावाचा वेगळा द्रव लागतो आणि त्यात तो काही दिवस टिकतो. ही बारकी गोष्ट वाईसारख्या गावाच्या दृष्टीने मोलाची आहे. सुई टोचली जाते ते रुग्णालय आणि तुकडा वाचणारा तज्ज्ञ शेकडो किलोमीटर दूर असले तरी चालते, पण कुपी योग्य हवी आणि तिच्यासोबतचा कागद पूर्ण भरलेला हवा. त्या चमकणाऱ्या प्रतिपिंडांच्या तंत्रानेच पॅरिसच्या बर्जे आणि आंग्ले यांनी १९६८ मध्ये गाळण्यांत साचणारे आयजीए हे प्रथिन दाखवले आणि जगातल्या एका अतिशय सामान्य मूत्रपिंडविकाराला ओळख मिळाली. त्याआधीही तो आजार होताच. त्याला नाव नव्हते, म्हणून त्याची मोजणीही नव्हती.

एक तुकडा एका रुग्णाला उत्तर देतो. तुकड्यांच्या नोंदी एकत्र आल्या, की त्या असे प्रश्न विचारू लागतात जे एका डॉक्टरला एका खोलीत बसून सुचले नसते. हे ओळखून डेन्मार्कने १९८५ मध्ये, इटलीने १९८७ मध्ये, नॉर्वेने १९८८ मध्ये, स्पेनने १९९४ मध्ये आणि जपानने २००७ मध्ये बायोप्सी-नोंदवह्या सुरू केल्या. भारतात वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने पाच हजारांहून अधिक बायोप्सींचा आढावा २००६ मध्ये मांडला आणि त्याकडे नोंदवहीच्या दिशेने टाकलेले पाऊल म्हणून पाहिले. वाचकांनी या नोंदवहीच्या दोन बहिणीही ओळखून ठेवाव्यात. एकीत दीर्घकालीन मूत्रपिंडविकाराचे रुग्ण नोंदले जातात, मग बायोप्सी झालेली असो वा नसो. दुसरीत डायलिसिस आणि प्रत्यारोपण झालेले. बायोप्सी-नोंदवही आजार कोणता हे सांगते, दुसरी त्याचा पसारा दाखवते आणि तिसरी शेवट. तिन्ही एकमेकींशी जोडल्या गेल्या तरच गोष्ट पूर्ण होते.

अशा जोडण्यातून काय हाती येते याचे एक उदाहरण नॉर्वेचे आहे. तिथे १९६७ पासून प्रत्येक जन्माची वैद्यकीय नोंद ठेवली जाते. ती नोंद मूत्रपिंड निकामी झालेल्यांच्या नोंदींशी ताडून पाहिली, तेव्हा २००८ मध्ये दिसून आले, की जन्मतः कमी वजन असलेल्यांना पुढे हा धोका अधिक असतो. गर्भात वाढ खुंटली तर नेफ्रॉनच कमी तयार होतात आणि जन्मानंतर त्यांत भर पडत नाही, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी पुण्याजवळच्या सहा गावांतल्या माता-बालकांचा १९९३ पासून पाठपुरावा करत आले आहेत. त्यांचा मुख्य विषय मधुमेह असला, तरी आईच्या पोषणापासून मुलाच्या तारुण्यापर्यंत धागा तुटू न देणारी ही चिकाटी आपल्या मातीत रुजते, याचा तो पुरावा आहे.

तुकडे शेजारी ठेवल्याने उकललेल्या कोड्यांत बाल्कन प्रदेशाचे कोडे मला सर्वांत बोलके वाटते. डॅन्यूब आणि तिच्या उपनद्यांकाठच्या काही शेतकरी गावांत पिढ्यान्‌पिढ्या मूत्रपिंडे आक्रसत होती. कारण सापडत नव्हते. १९९३ मध्ये ब्रुसेल्सच्या डॉक्टरांनी वेगळ्याच रुग्णांविषयी लिहिले : वजन उतरवण्याच्या उपचारकेंद्रात वनौषधी घेतलेल्या तरुण स्त्रिया, ज्यांची मूत्रपिंडे झपाट्याने निकामी झाली. त्यांच्या बायोप्सीतले नलिकांभोवतीचे व्रण बाल्कनच्या शेतकऱ्यांतल्या व्रणांसारखेच दिसत होते. ब्रुसेल्सच्या औषधात एका वनस्पतीऐवजी ॲरिस्टोलोकिया कुळातली वनस्पती आली होती. बाल्कनमध्ये त्याच कुळातले तण गव्हात उगवत होते आणि त्याच्या बिया पिठात जात होत्या. आपल्याकडची ईश्वरी किंवा सापसंद ही वेल त्याच कुळातली. दोन देश, दोन प्रकारची माणसे, पण ऊतीवरची खूण एक, आणि ती ओळखू येण्यासाठी कोणीतरी दोन्ही चित्रे शेजारी ठेवावी लागली.

हे फार दूरचे वाटत असेल तर घरचे पाहू. केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यातील कोट्टक्कलच्या डॉक्टरांना जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात गाळण्यांचे पडदे जाड होणाऱ्या एका आजाराचे २२ रुग्ण मिळाले. त्यांतल्या १५ जणांच्या बायोप्सीत नेल-१ नावाचे, एरवी विरळा दिसणारे प्रथिन सापडले, आणि त्या १५ पैकी १३ जणांनी रंग उजळण्याचे क्रीम वापरल्याचे सांगितले. अशा क्रीममध्ये पारा असू शकतो. त्याच सुमारास अकोल्यातील एकाच घरातल्या तिघींना मूत्रपिंडाचा विकार जडल्याचे आणि त्यांच्या क्रीममध्ये पारा आढळल्याचे मुंबईच्या केईएम रुग्णालयातून पुढे आले. कोट्टक्कलच्या डॉक्टरांनी ‘तोंडाला काय लावता?’ हा प्रश्न सगळ्यांना विचारला आणि उत्तरे लिहून ठेवली, म्हणून हा धागा दिसला. विखुरलेल्या पाच दवाखान्यांत तेच रुग्ण गेले असते आणि कोणी काही लिहिले नसते, तर ते पाच दुर्दैवी योगायोग ठरले असते.

आता थोडे अवघड वळण येते; इथे वाचकांनी सावकाश चालावे. नोंदवहीत जे दिसते ते समाजात तसेच असते, असे नाही. जपानमध्ये १९७४ पासून शाळकरी मुलांच्या लघवीची दरवर्षी तपासणी होते. त्यामुळे कसलाही त्रास नसलेली, केवळ लघवीत रक्ताचा अंश सापडलेली मुले डॉक्टरांपर्यंत पोहोचतात आणि आयजीए-विकार लवकर व पुष्कळ सापडतो. जिथे सूज येऊन क्रिएटिनिन वाढल्याखेरीज बायोप्सी होत नाही, तिथल्या नोंदवहीत तोच आजार कमी आणि गंभीर दिसणार. मधुमेहाचे उदाहरण तर याहून सोपे आहे. ज्याचा मधुमेह वीस वर्षांचा आहे आणि डोळ्यांच्या पडद्यावर परिणाम दिसतो, त्याची बायोप्सी सहसा करत नाहीत, कारण उत्तर ठाऊक असते. मूत्रपिंडविकाराचे सर्वांत मोठे कारण बायोप्सी-नोंदवहीत म्हणूनच लहान दिसते.

शाळेत शिकलेला अंश-छेद इथे कामी येतो. नोंदलेले रुग्ण हा अंश. ज्या लोकसंख्येतून ते आले ती छेद. छेद माहीत नसेल तर आकडा कितीही मोठा असला तरी त्यावरून प्रमाण काढता येत नाही. भारतीय दीर्घकालीन मूत्रपिंडविकार नोंदवहीचा पहिला अहवाल २०१२ मध्ये आला. त्यात ५२,२७३ प्रौढ रुग्ण होते. देशभरच्या मूत्रपिंडतज्ज्ञांनी स्वखुशीने पाठवलेल्या या नोंदी फार मोलाच्या आहेत, परंतु त्या तज्ज्ञापर्यंत पोहोचलेल्यांच्या आहेत. याउलट भोपाळमध्ये वायुपीडितांची पुरती यादी असल्यामुळे छेद ठाऊक होता; तिथे २००६ मध्ये मूत्रपिंडे पूर्ण निकामी होण्याचे प्रमाण दहा लाखांमागे वर्षाला १५१, आणि वयाचा फरक जमेस धरून २३२ इतके निघाले. देशातल्या अनेक केंद्रांवर झालेल्या आणखी एका पाहणीत, तिचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले, १७.२ टक्के लोकांत मूत्रपिंडविकाराच्या खुणा आढळल्या. ती शिबिरांतल्या एका वेळच्या तपासणीवर आधारलेली होती, तर विकार दीर्घकालीन आहे असे म्हणायला तीन महिने खूण टिकावी लागते. या तिन्ही आकड्यांत खरे-खोटे करू नये. प्रत्येक जण वेगळ्या प्रश्नाचे उत्तर देतो. आपण प्रश्न कोणता ते आधी पाहावे.

२०१२ च्या त्या अहवालातली एक ओळ मात्र मनात घर करून राहते. ३१ टक्के रुग्णांत कारण मधुमेह होते, आणि १६ टक्क्यांत कारण ठरवता आले नव्हते. हे कारण न कळलेले रुग्ण इतरांपेक्षा तरुण होते, गरीब होते आणि आजार बराच पुढे गेल्यावर आलेले होते. सर्व रुग्णांतले जवळपास ४८ टक्के शेवटच्या, पाचव्या टप्प्यातच पहिल्यांदा नोंदले गेले. त्या टप्प्यावर मूत्रपिंड आक्रसून व्रणमय झालेले असते. तुकडा काढला तरी त्यातून मूळ आजार वाचता येत नाही. अनिश्चित कारणाचा रकाना म्हणजे वैद्यकाच्या अज्ञानाची जागा असे वाटेल, पण त्यातला मोठा भाग उशिराचा आहे, आणि उशीर गरिबाच्या वाट्याला अधिक येतो.

या उशिरावर नोंदवही काय करू शकते, याचे उत्तर महाराष्ट्रानेच दिलेले आहे. देशातली लोकसंख्येवर आधारलेली पहिली कर्करोग-नोंदणी मुंबईत १९६३ मध्ये सुरू झाली. १९८७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला तिची ग्रामीण बहीण आली. भारतातली ती पहिली ग्रामीण कर्करोग-नोंदणी. बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतल्या साडेतीनशेच्या आसपास गावांतले रुग्ण रुग्णालयात येतील याची वाट न पाहता तिथले कार्यकर्ते गावोगाव गेले, लोकांत बसले, कर्करोगाची लक्षणे समजावून सांगितली आणि मग नोंद केली. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले, की त्या भागातल्या स्त्रियांचा गर्भाशयमुखाचा कर्करोग आता आधीपेक्षा लवकरच्या टप्प्यावर सापडू लागला होता. मोजायला गेलेल्या माणसांमुळे मोजली जाणारी गोष्टच सुधारली. या विषयावर माझी श्रद्धा जडली ती बार्शीमुळे.

सातारा-सांगलीने मूत्रपिंडासाठी हाच वसा घ्यावा, असे मला मनापासून वाटते. १८९४ पासून रुग्णालयाची परंपरा असलेले मिरज इथेच आहे; कराड, सातारा आणि सांगलीला मोठी रुग्णालये आहेत. विचारण्याजोगे प्रश्नही याच मातीत आहेत. निकाराग्वा आणि एल साल्वाडोरच्या उसाच्या मळ्यांत मधुमेह नसलेल्या तरुण तोडणी-कामगारांची मूत्रपिंडे निकामी होत आहेत. बायोप्सीत नलिकांची हानी आणि गाळण्यांवरचे व्रण दिसले, आणि कडक उन्हात पाण्यावाचून केलेल्या कष्टांवर संशय बळावला. मग तिथे पाणी, सावली आणि विश्रांती यांचा नियम लावायचे प्रयत्न सुरू झाले. आंध्रातल्या उद्दानम भागातही कारण न सापडलेल्या मूत्रपिंडविकाराने गावेच्या गावे त्रस्त आहेत. आपल्याकडे भुईंजपासून वाळव्यापर्यंत उसाचे फड आहेत आणि दिवाळीच्या सुमारास बीडकडून कोयते येतात. माण-खटाव, जत-आटपाडीत विहिरी खोल जातात. द्राक्षबागांत फवारणी असते. आणि अंगदुखीवरच्या गोळ्या तर सगळीकडेच असतात. यांतल्या कशाचाही निकाल आधीच लावून टाकू नये. नोंदवही आरोप करण्यासाठी नसते. शंका रास्त असेल तर ती सिद्ध व्हावी आणि नसेल तर सुटावी, यासाठी ती असते.

नव्याने येणाऱ्या वाचकांनी या विषयात शिरताना क्रम थोडा सांभाळावा. आधी गाळणी आणि नलिका यांची रचना नीट समजून घ्यावी. एक स्वच्छ आकृती दहा पानांचे काम करते. मग चार-पाच मुख्य आजारांची ओळख करून घ्यावी. सगळ्यांची नावे पाठ करण्याची घाई नको. त्यानंतर कोणत्याही एका नोंदवहीचा अहवाल हाती घ्यावा आणि टक्केवारीच्या तक्त्याकडे जाण्यापूर्वी पद्धतीचा भाग वाचावा. आकडा समोर आला, की तुम्ही तीन प्रश्न मनाशी विचारा : कोणाला मोजले? कोण मोजायचे राहिले? भागले कशाने? या तीन प्रश्नांची सवय झाली, की वर्तमानपत्रातली बातमी असो वा तज्ज्ञांचा निबंध, तुम्ही त्याला बिचकणार नाही. वैद्यकाची पदवी नसलेल्या शिक्षकाला, आशाताईंना, ग्रामपंचायतीच्या सदस्यालाही हे जमते. किंबहुना छेद कुठे चुकतो आहे हे गावातल्या माणसाला तज्ज्ञाच्या आधी कळते, कारण कोण दवाखान्यात गेलेच नाही ते त्याला ठाऊक असते.

नोंदवहीची सुरुवात कुठल्या मोठ्या संस्थेत होत नाही. ती होते केसपेपरच्या खिडकीपाशी. तिथे ‘व्यवसाय’ असा एक रकाना असतो आणि आपल्या भागात त्यात बहुतेक वेळा ‘शेती’ एवढेच लिहिले जाते. त्या एका शब्दात बागायतदार येतो, फवारणी करणारा येतो, आणि दिवसभर उन्हात कोयता चालवून रात्री मोळ्या भरणारी बाईही येते. वीस वर्षांनी कोणी अभ्यासक तो रकाना चाळेल तेव्हा त्याला हे तिघे वेगळे ओळखता येणार नाहीत. म्हणून पुढच्या वेळी त्या खिडकीपाशी उभे राहाल, तेव्हा काम काय करता, किती वर्षे करता, पाणी कुठले पिता, कोणत्या गोळ्या घेता, हे पूर्ण सांगा. आणि खिडकीच्या आत बसला असाल तर पूर्ण लिहा. कोशाच्या कामात एकेका शब्दावर दिवस घालवणारी माणसे वाईने पाहिली आहेत. या रकान्याला एक ओळ जास्त लागेल, इतकेच.